मागच्या दारची सायकल

सोमवार, ३ नोव्हेंबर

अम्मी आज सकाळी त्यांच्या बहिणीकडे उरणला गेल्या, आठ दिवसांसाठी. लग्नाला एकवीस वर्षं झाली, पण सासूबाईंशिवाय या घरात मी एकटी अशी पहिल्यांदाच. नवरा, इलियास, नोकरीला ओमानला, लेक अलिझा पुण्याला होस्टेलवर. दुपारी भांडी आवरली आणि पुढे काय करायचं ते सुचेना, म्हणून ही वही काढली. अलिझाची अकरावीची आहे. अर्ध्याहून जास्त पानं कोरी.

खरं कारण इथे तरी लिहावं. गेल्या आठवड्यात रिपोर्टात साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज पाऊण तास चाला. चार दिवस वडाळे तलावाला फेऱ्या मारल्या आणि टाच अशी धरली की जिना चढवेना. परत गेले तर म्हणतात, "मग सायकल चालवा, टाचेवर भार येत नाही." सहज म्हणाले. त्यांना आमचं घर कुठे माहीत आहे!

आमच्या घरात दोन चाकांचं काही नसतं. सात वर्षांपूर्वी माझा धाकटा दीर यासीन कंटेनर यार्डातून ड्यूटी संपवून मोटारसायकलने येत होता. जासईच्या अलीकडे ट्रेलरने उडवलं. सव्वीस वर्षांचा होता. इलियासनी महिन्याभरात स्वतःची मोटारसायकल एका मित्राला देऊन टाकली. कुणी नियम केला नाही, पण पुढे अलिझाने सायकल मागितली तेव्हा अम्मी ताटावरून उठून आत गेल्या. तो विषय तिथेच संपला.

तरी एक सायकल आहे. मागच्या अंगणात, पेरूच्या झाडाखाली, ताडपत्रीत. यासीनचीच, कॉलेजच्या दिवसांतली. ती टाकून द्यायची कुणाची हिंमत झाली नाही, बघायचीही नाही.

आज मी ताडपत्री काढली.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

हात अजून काळे आहेत. साबण, लिंबू, बेसन, सगळं झालं.

सकाळी आठला सुरू केलं ते दुपारी दोनपर्यंत. आधी पाइप लावून धो धो पाणी मारलं. सात वर्षांची धूळ चिखल होऊन चैनीत जाऊन बसली. मग काथ्याने फ्रेम घासायला घेतली तर रंगाला ओरखडे पडले. घाबरून थांबले. शेवटी भांड्यांच्या लिक्विडचं कोमट पाणी आणि इलियासचा जुना बनियन, एवढ्यावर भागवलं. हँडलवरच्या गंजासाठी काय काय करून पाहिलं. शेवटी डब्याला गुंडाळायचा चांदीचा कागद चुरगाळून ओला केला आणि त्याने घासलं, तर खालून चक्क लखलखीत हँडल निघालं! मी एकटीच अंगणात "अरे वा!" म्हणून ओरडले.

मडगार्डवर यासीनने चिकटवलेला एक स्टिकर होता, झेप घेणारा घोडा. त्याच्या कडेकडेने हळूच पुसलं. तो काढणार नाही.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

टायर-ट्यूब पार गेले होते. बुरखा घालून, मागच्या बोळातून सायकल ढकलत काशिरामकाकांच्या दुकानात नेली. सत्तरीचे आहेत, आगरी. त्यांनी घोड्याचा स्टिकर पाहिला आणि हातातला पाना खाली ठेवला.

"यासीनची ना ही?"

मी मान हलवली.

"धुतली कुनी?"

"मीच."

त्यांनी मागचं चाक फिरवलं, कान लावला. "पाइपानं पानी मारला ना, बाय? आयक, कशी कुरकुरतेय. बेरिंगमदी पानी गेला का खलास. सायकलला आंघोल नाय घालायची, अंग पुसून घ्यायचा, आजारी मानसाचा पुसतात तसा."

मला राग आला. सहा तास खपले होते मी! पण त्यांनी बेरिंग उघडून ग्रीस भरताना सगळं समजावलं, ते मी नीट ऐकलं. कोरडी धूळ आधी ब्रशने झाडायची. मग वरून खाली पुसत यायचं. चैन सगळ्यात शेवटी, आणि चैनीचं फडकं वेगळं, ते फ्रेमला लावायचं नाही. जुना दातांचा ब्रश रॉकेलमध्ये बुडवून चैनीचे दाते घासायचे. लगेच कोरडं करायचं. मग प्रत्येक कडीवर तेलाचा एकच थेंब.

मी निघाले तेव्हा म्हणाले, "घरी म्हाइत हाय?"

मी सायकल बोळाकडे वळवली.

सोमवार, १० नोव्हेंबर

चालवता येते! शाळेत असताना अब्बांच्या सायकलवर शिकले होते, दांड्याखालून पाय घालून. तीस वर्षांनी पायाला आठवलं. सकाळी सहाला, तलावाच्या रस्त्यावर कुणी नसताना. दोनदा तोल गेला, एकदा कठड्याला गुडघा आपटला. पण तलावाला पूर्ण फेरी मारली, आणि टाचेने हूं का चूं केलं नाही. बेचाळीसाव्या वर्षी मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. म्हटलं नाही. बुरख्यातली बाई सायकलवर, त्यात गाणं म्हणतेय, एवढं एकदम पनवेलला झेपणार नाही.

उद्या अम्मी येतात.

बुधवार, १२ नोव्हेंबर

ठरलं. सोडायचं नाही, पण अम्मींना कळूही द्यायचं नाही. त्यांचं मन पुन्हा मोडायचं पाप मला नको. मी चालायला जाते असं सांगितलंय. त्या पहाटे फजरच्या नमाजानंतर जपमाळ घेऊन खिडकीशी बसतात, तेवढ्यात मी मागच्या दाराने बोळात. परत आल्यावर सायकल पुसून, जशी होती तशी ताडपत्रीत. चाकाला चिखल दिसता कामा नये, तेलाचा वास येता कामा नये. ताडपत्रीच्या कोपऱ्यांवरच्या विटासुद्धा मी जागच्या जागी ठेवते.

अम्मींच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे आणि ऐकू कमी येतं, त्याचा असा फायदा घेताना बरं वाटत नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

आज मरता मरता वाचले. चैनीला तेल घालून तेच फडकं मी चाकाच्या रिमवरून फिरवलं होतं, चमक यावी म्हणून. उरण नाक्याच्या अलीकडे रिक्षा आडवी आली. ब्रेक दाबला तर ब्रेक लागेचना! पाय घासत कशीबशी थांबले. रिक्षावाला म्हणाला, "खाला, घर पे बैठो ना." घरी येऊन साबणाच्या पाण्याने रिम दोनदा धुतली. तेल चैनीलाच. रिमला आणि ब्रेकला कधी नाही. हे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवते.

तेल चैनीलाच!

सोमवार, २४ नोव्हेंबर

आता मी उस्ताद झाले आहे, लिहायला हरकत नाही. पंधरा मिनिटं! घड्याळ लावून पाहिलं. दोन मिनिटं ब्रश, पाच मिनिटं ओलं फडकं, तीन कोरडं, चार चैन, एक मिनिट तेल पुसायला. तेल घातल्यावर पायडल उलटं फिरवत जास्तीचं तेल पुसून घ्यायचं, नाहीतर धूळ धरते. हे काशिरामकाकांनी सांगितलेलं नाही, माझं मला उमगलं. आज त्यांना सांगितलं तर म्हणाले, "बराबर हाय. तू आता दुकान टाक."

नशिबाचीही साथ आहे म्हणायची. हल्ली अम्मी रोज बादली भरून मागच्या पायरीवर ठेवतात, झाडांना म्हणून. कोमट असते, गिझरचं उरलेलं पाणी त्या वाया जाऊ देत नाहीत. मला आयती मिळते. झाडांना मी नंतर नळाचं घालते.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

अम्मींनी जुनी गोधडी उसवली आणि तिचे हातरुमालाएवढे तुकडे करत बसल्यात. कडाही शिवताहेत. म्हटलं, "अम्मी, कशाला हे?" तर म्हणाल्या, "हाताला काम नको? स्वैपाकघरात लागतात." स्वैपाकघरात एकही आलं नाही. मागच्या दाराच्या खिळ्याला गठ्ठा टांगलाय. म्हातारपणी विसरायला होतं. मी दोन-दोन रोज घेते. सुती आहेत, पाणी कसं शोषतात! बनियनपेक्षा दसपट चांगले.

शिलाई मशीनच्या तेलाची नवी बाटलीही आणवली त्यांनी. मशीन तर दोन वर्षं उघडलेलं नाही. मी बाटली वापरते आणि अपराधी वाटून घेते.

रविवार, ७ डिसेंबर

तलावाजवळ सायकलवाल्या बायकांचा ग्रुप भेटला. सहा जणी, हेल्मेट, गिअरच्या सायकली. त्यांची पुढारी मनिषाताई, नवीन पनवेलला नर्स आहेत. माझ्या सायकलकडे वाकून बघत म्हणाल्या, "ही किती सालची? आणि एवढी चकचकीत? आमच्या सायकली बघा, तीन महिन्यांचा चिखल आहे."

मी शांतपणे म्हटलं, "पंधरा मिनिटं लागतात फक्त." आतून अशी फुगले होते की सांगता सोय नाही.

१८ जानेवारीला त्या कर्नाळ्याला जाणार आहेत, अभयारण्याच्या गेटपर्यंत आणि परत. पंचवीस किलोमीटर. मागे टेम्पो असतो. मला "या" म्हणाल्या. बघते म्हटलं. हायवे आहे. ट्रेलर असतात.

मंगळवार, १६ डिसेंबर

आज उशीर झाला. मागचं चाक पंक्चर, ढकलत काशिरामकाकांकडे, दुकान उघडायची वाट बघितली. साडेसहाला गेलेली घरी पोचले नऊला. अम्मी अजून खिडकीशीच. चहा पुढ्यात तसाच, वर साय धरलेली. जपमाळ खाली पडली होती. मला पाहिलं आणि भिंतीला टेकून डोळे मिटले.

मी घाबरले. "अम्मी, बीपीची गोळी घेतली नाही का?"

"घेतली," म्हणाल्या. मग जपमाळ उचलत म्हणाल्या, "चालायला जातेस तर मोबाइल का नेत नायस?"

हवा बदललीय, त्यांना सोसत नाही. ईएनटीवाल्याकडे आणि फिजिशियनकडे एकदम नंबर लावायला हवा. तोवर मोबाइल नेत जाईन.

बुधवार, १७ डिसेंबर

अम्मींनी एक दुपट्टा दिला. पिवळा. पिवळा म्हणजे हळदीच्या कार्यक्रमातला पिवळा! "चालायला जाताना हाच घे. अंधारात दुरून दिसायला पायजे." मला तो रंग मुळीच शोभत नाही. पण मोठ्यांचा मान. घेतला. सायकलवर वाऱ्याने उडू नये म्हणून पाठीवर पट्ट्यासारखा बांधते.

रविवार, २८ डिसेंबर

इलियासचा फोन. ६ तारखेला येतात, तीन आठवड्यांची रजा. आनंदाची बातमी, आणि पुढच्याच वाक्यात म्हणाले, "मागच्या अंगणात अम्मीसाठी बाथरूम बांधून टाकू. रात्री जिना उतरून जातात, गुडघे बघ त्यांचे. पेरूखालचा भंगार मी आल्यावर काढतो." मी "हो" म्हणाले. दुसरं काय म्हणणार? त्यांचं म्हणणं बरोबरच आहे. अम्मींच्या गुडघ्यांपुढे माझी सायकल म्हणजे काय?

पण फोन ठेवला आणि मोरीत जाऊन रडले.

अम्मींना आनंद होईल म्हणून लगेच सांगायला गेले. तर नवलच.

"मला नको बाथरूम."

"अहो अम्मी, कमोड बसवणार आहेत. तुमच्यासाठीच."

"मागची जागा हाय तशी राहू दे. मला पेरूखाली बसायला लागते."

पेरूखाली बसलेलं मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. हट्टीपणा वाढलाय. उलट मीच तासभर त्यांची समजूत घालत होते! माझ्याच सायकलची जागा घालवण्यासाठी! त्या ऐकेनात. शेवटी चिडून म्हणाल्या, "नाझिया, तुला अक्कल नाय." एकवीस वर्षांत असं पहिल्यांदा बोलल्या. मनाला लागलं.

शुक्रवार, ९ जानेवारी

इलियास येऊन तीन दिवस झाले. मी सायकलला हात लावला नव्हता. आज ते जुम्म्याची नमाज पढून आले आणि सरळ मागे गेले, जागा मोजायला. मी पोळ्या लाटत होते. ताडपत्री ओढल्याचा आवाज आला आणि मग काहीच नाही.

मी मागे गेले. ते सायकलजवळ उकिडवे बसले होते. चाकाची एक तार बोटाने हळूच वाजवत होते.

"यासीनची सायकल," म्हणाले. "नवी होती तेव्हा पण एवढी चमकत नव्हती. कोण चालवतंय?"

खोटं बोलता आलं नाही. साखर, टाच, तलाव, सगळं सांगितलं. ते ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले नाहीत, ते जास्त वाईट.

"तुला काय झालं असतं तर? मी तिकडे. एक फोन येऊन गेलाय मला असा, नाझिया. दुसरा नको." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि अम्मी? त्यांना समजलं तर सोसणार नाही त्यांना. सोमवारी मी ही काशिरामला देऊन येतो. त्यांना कळायच्या आत."

"अठरा तारखेला कर्नाळ्याला जायचंय मला," मी म्हटलं. माझ्या तोंडून ते कसं निघालं कोण जाणे. आजपर्यंत मी स्वतःलासुद्धा 'जाणार' म्हणून सांगितलं नव्हतं.

पोळी तव्यावर जळाली.

शनिवार, १० जानेवारी

रात्री नीट झोप नाही. या वहीची मागची पानं वाचून काढली. दोन महिन्यांत साखर खाली आली, टाच बरी झाली, पण ते खरं कारण नाही. खरं कारण असं की सायकल पुसून झाल्यावर एक पाऊल मागे जाऊन मी तिच्याकडे बघते, आणि हे मी केलं असं वाटतं. पोळ्या केल्या, अलिझाचा अभ्यास घेतला, अम्मींची औषधं सांभाळली, ते सगळं मीच केलं. पण 'मी केलं' असं कधी वाटलं नव्हतं.

अम्मींना मीच सांगणार. इलियासना न विचारता. चोरून आता नको.

रविवार, ११ जानेवारी

सांगितलं.

इलियास बाजारात गेले तेव्हा अम्मींच्या पायांशी जाऊन बसले. त्या तांदूळ निवडत होत्या. मी म्हटलं, "अम्मी, मी चालायला जात नाही. सायकल चालवते. यासीनची. माफ करा."

त्यांचा हात तांदळात तसाच राहिला. मी खाली बघत होते. म्हटलं, आता उठून आत जातील.

"मागच्या ब्रेकचा रबर झिजलाय," अम्मी म्हणाल्या.

मला नीट ऐकू आलं नाही असंच वाटलं. "काय?"

"मागच्या. डाव्या बाजूचा. पार पत्र्याला आलाय. पंधरा दिस झाले, तू बदलत नायस. कर्नाल्याचा उतार कसा उतरशील?" आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या. निवडता निवडता म्हणाल्या, "पुसतेस चांगली. पन पुसताना बघायचा पन असते."

मी मागे जाऊन पाहिलं. खरंच झिजलाय! मी रोज सायकल पुसणारी, पंधरा मिनिटांची उस्ताद, आणि मला दिसला नाही. एका डोळ्यात मोतीबिंदू असलेल्या बाईला दिसला. इतकी शरम वाटली.

पण त्यांना कळलं कसं? कर्नाळ्याचंही ठाऊक होतं! शेजारच्या कृष्णाबाईंनीच सांगितलं असणार. बोळाच्या तोंडाशी त्यांची भाजीची टोपली असते, त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. तरी बरं, अगदी आत्ता आत्ताच कळलेलं दिसतंय, नाहीतर अम्मी आधीच काही बोलल्या असत्या.

संध्याकाळी इलियासना हे सगळं सांगितलं. ते मागच्या पायरीवर गेले. बादली पाहिली, खिळ्याला टांगलेली फडकी पाहिली, एक हातात घेऊन त्याच्या शिवलेल्या कडेवरून बोट फिरवलं. मग हसायला लागले, आणि हसता हसता डोळे पुसले.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय नाय," म्हणाले. "उद्या ब्रेक मी बदलून आणतो."

हा माणूस का हसला, मला कळलं नाही. पण 'देऊन येतो' वरून 'बदलून आणतो' वर आला, एवढं मला पुरे.

गुरुवार, १५ जानेवारी

बाथरूम जिन्याखाली होणार. गवंडी येऊन बघून गेला. तिथे पाण्याची लाइन आधीच आहे, उलट जास्त सोयीचं. हे कुणाला आधी कसं सुचलं नाही? सुचवलं अम्मींनी. आता त्यांचा विरोध नाही. पेरूखाली बसायचं त्या विसरल्याही.

रविवार, १८ जानेवारी

पाय उचलत नाहीत, पण लिहिल्याशिवाय आजचा दिवस संपायचा नाही.

सकाळी साडेसहाला सात जणी निघालो. पळस्पे फाट्यापर्यंत मजेत. पुढे हायवे. पहिला ट्रेलर शेजारून गेला तेव्हा वाऱ्याने सायकल हलली. यासीन आठवला, घोड्याचा स्टिकर लावताना जीभ बाहेर काढून बसलेला. मी पाय खाली टेकला. मनिषाताई मागून येऊन थांबल्या. "टेम्पोत बसायचं?" त्यांनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता.

"दोन मिनिटं द्या," म्हटलं. जिवाच्या रक्षणासाठी आयतुल कुर्सी पढले. दोन्ही ब्रेक दाबून पाहिले. नवे रबर, घट्ट. निघाले.

चढावर दोनदा उतरून चालले, ते लपवत नाही. गिअरवाल्या पुढे गेल्या. पण कर्नाळ्याच्या गेटापाशी पोचले, आठ वाजून वीस मिनिटांनी, आणि त्या सगळ्या टाळ्या वाजवत होत्या. वर तो किल्ल्याचा सुळका, खाली मी. घाम पिवळ्या दुपट्ट्याला पुसला. हळदीचा रंग असू दे, टेम्पोवाला म्हणाला, "ताई, तुम्ही सगळ्यात लांबून दिसत होता."

परतताना मनिषाताईंची चैन कटकट करायला लागली आणि शेवटी उतरली. दाते काळ्या चिखलाने भरलेले. सगळ्या फोनवर व्हिडिओ शोधायला लागल्या. मी पिशवीतून दोन फडकी, ब्रश आणि तेलाची बाटली काढली, सायकल सीटवर उलटी केली आणि बसले कामाला. रॉकेल नव्हतं, कोरडंच खरवडलं. तेल घातलं, पायडल उलटं फिरवलं, चैन बसवली. दहा मिनिटं. मनिषाताई चालवून बघतात तर आवाज बंद.

"नाझिया," त्या म्हणाल्या, "आम्हा सगळ्यांना हे शिकवायचं. आम्ही तुमच्याकडे येतो."

"आजच चला," मी म्हटलं. हायवेवर, भर उन्हात, एवढ्या मोठेपणाने! अल्ला माफ करो.

तर सात सायकली आमच्या मोहल्ल्यात शिरल्या. मी सवयीने बोळाकडे वळले. तेवढ्यात पुढच्या दारातून हाक आली. अम्मी खुर्ची टाकून ओट्यावर बसल्या होत्या. कधीपासून, ते इलियासनाच विचारायला हवं.

"मागे कुठे चाललीस? पुढेच धू."

इलियास आतून पाणी आणत राहिले. मी गल्लीत, सगळ्यांच्या देखत, बाह्या सारून बसले. "आधी कोरडी धूळ. पाइप नाही, हां, पाइपने बेरिंग जातं. वरून खाली. चैन शेवटी. तेल रिमला कधी नाही." मनिषाताई आणि बाकीच्या शेजारी बसून करत होत्या. कृष्णाबाई टोपली सोडून आल्या. वरच्या मजल्यांच्या खिडक्या उघडल्या. पंधरा मिनिटांचं काम, आज सव्वा तास चाललं, कारण प्रत्येकीला काहीतरी विचारायचं होतं. मोहल्ल्यातल्या दोघीजणींनी हळूच येऊन विचारलं, आमच्या वयात शिकता येते का. मी म्हटलं, उद्या सकाळी सहाला तलावावर या.

मशिदीतून बाहेर पडणारे एक म्हातारे गृहस्थ थांबले. डोळे बारीक करून सायकलकडे, मग माझ्याकडे, मग अम्मींकडे बघत म्हणाले, "ही कुणाची हो?"

मी फडकं पिळता पिळता थांबले. इलियासही दारात तसेच उभे राहिले.

अम्मी खुर्चीत ताठ बसल्या. आवाज असा काढला की गल्लीच्या टोकापर्यंत जावा.

"माझ्या यासीनची हाय," म्हणाल्या. "सून चालवते माझी. कर्नाल्याला जाऊन आली आज."